अठरा वर्षांनी परत आलेला बँड, अन् आमची रात्रीची लाइन

ओलीतवाला (ता. दारव्हा) · ११ जानेवारी, रात्री १.२०

या आठवड्यात आमच्या फिडरला थ्रीफेज (मोटर चालवायची लाइन) रात्रीची आहे. म्हणजे दहाला वावरात जा, मोटर चालू करा अन् हरभऱ्यात तुषारचे पाइप हलवत सकाळ करा. एका जागी तीन तास. पाइप हलवला की पुढचे तीन तास माणसाला काम नाही, फक्त जागं राहायचं, कारण लाइन गेली अन् आली तर स्टार्टर दाबायला कोणीतरी पाहिजे. (ऑटोमॅटिक आहे आमच्याकडे. त्याच्या भरवशावर मागच्या साली एक मोटर जाळून बसलो.) रानडुकरं वेगळीच.

तर या तीन तासांत मी गाणे ऐकतो. सध्या एकाच बँडवर आहे. नाव शूज. आईनं विचारलं काय ऐकून राहिला रे, मी म्हटलं शूज, तर म्हणे पायातले आधी धुवून आण, ओसरीत चिखल करून ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गाण्याचा प्रकार पॉवर पॉप. हा शब्द द हू बँडच्या पीट टाउनशेंडनं १९६७ मध्ये आपल्याच गाण्यांबद्दल बोलताना वापरला. चाल बीटल्ससारखी गोड, गिटार जोरात, दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळलेले, तीन मिनिटांत खेळ खलास. अन् हसऱ्या चालीत रडगाणं, हे महत्त्वाचं.

शूज हे इलिनॉय राज्यातल्या झायन गावचे. जॉन मर्फी अन् जेफ मर्फी भाऊ-भाऊ, तिसरा गॅरी क्लेब, ड्रमवर स्किप मेयर. १९७७ मध्ये 'ब्लॅक व्हायनल शूज' काढला, तो जेफच्या घरच्या बैठकीत चार ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड केलेला. तो ऐकून इलेक्ट्रा कंपनीनं उचललं, १९७९ ते १९८२ मधात तीन अल्बम झाले. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं, त्या पहिल्या दिवशी यांचे व्हिडिओ लागले. तरी गाडी चालली नाही. करार संपला, हे गावातच राहिले, स्वतःचं लेबल काढून स्वतःच रेकॉर्ड छापत बसले. १९९४ ला 'प्रोपेलर' आला. मग नव्या गाण्यांचा अल्बम थेट २०१२ ला, 'इग्निशन'. मधात अठरा वर्षं.

मी आधी ऐकला अन् साल नंतर पाहिलं. वाटलं जुनाच असेल. आवाज थोडा खाली उतरला आहे, जाडही झाला आहे, पण दोन भाऊ ज्या जागी एकमेकांच्या आवाजात शिरतात ती जागा तशीच आहे. रात्री दोन वाजता, चारीकडे अंधार, तुषारचा चिट-चिट-चिट अन् कानात हे. काय सांगू.

परत येऊन चांगलं केलेले अजून कोण? अन् वाट लावलेले कोण? लिहा. लाइन सहा वाजेपर्यंत आहे.


नागपुरी_संत्रं · ११ जानेवारी, सकाळी ९.०५

बे ओलीतवाल्या, २०१२ चा अल्बम आज नवीन म्हणून आणला का? तुझ्या गावात पेपरही असाच येतो काय?

बाकी मुद्द्याचं बोलतो. बँड परत येतो तेव्हा दहातले आठ घराचे हप्ते फेडायला येतात. जुनी दोन गाणी वाजवायची, मधात नवी चार कोंबायची, नवी सुरू झाली की लोक चहा प्यायला उठतात. द नॅक पाहा. १९७९ मध्ये एक गाणं सहा आठवडे अमेरिकेत एक नंबरवर. दोन-तीन वर्षांत बँड बंद. १९९१ मध्ये नवा अल्बम घेऊन आले, कोणाला आठवतो का? नाही ना?

त्यातल्या त्यात द कार्स मानतो. १९८७ नंतर नवा अल्बम थेट २०११ ला, म्हणजे चोवीस वर्षं. त्यांचा बासवाला बेंजामिन ऑर २०००मध्ये वारला होता. बरीच गाणी त्याच्या आवाजातली. तर स्टेजवर त्याच्या जागी नवा माणूस उभा केला नाही, ग्रेग हॉक्सनं कीबोर्डवर बासचं भागवलं. ही मला सभ्यता वाटते. अल्बम ठीकठाक आहे. ऑर नाही हे प्रत्येक गाण्यात ऐकू येतं, अन् ते लपवलं नाही म्हणूनच ठीक वाटतो.


झाडीचा_पाहुणा (वडसा) · ११ जानेवारी, दुपारी २.४०

संत्र्याशी अर्धा सहमत.

आमच्याकडे नाटकांचा सीझन भरात आहे. रोज कुठल्या ना कुठल्या गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती), अन् पट संपला की रात्री दहाला पडदा वर, पहाटे कोंबडा आरवला की खाली. झाडीपट्टीत नट बदलणं नवीन नाही. एखाद्या कंपनीचा हीरो या साली दुसऱ्या कंपनीत गेला की त्याच्या भूमिकेत नवा पोरगा येतो. लोक पहिला अंक हात बांधून बसतात, "बघू". पोरानं गाणं नीट घेतलं तर दुसऱ्या अंकात शिट्टी येते. नाही घेतलं तर शेंगदाण्याची टरफलं.

म्हणून मला बिग स्टार आवडतो. मेम्फिसचा बँड. १९७२ चा पहिला अल्बम सगळ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरणाचा असा घोळ झाला की दुकानात माल पोचलाच नाही. (आपल्या लोकांना हे समजवायची गरज नाही. भाव वर, अन् तुमचं धान यार्डाच्या बाहेर ट्रॅक्टरमध्ये.) त्यातला ख्रिस बेल १९७८ मध्ये कार अपघातात गेला, तेव्हा २७ वर्षांचा होता. बँड कधीच मोडलेला. १९९३ मध्ये मिसुरी विद्यापीठातल्या पोरांच्या रेडिओ स्टेशननं विचारलं, वाजवता का? अ‍ॅलेक्स चिल्टन हो म्हणाला, सगळ्यांना आश्चर्य. सोबत मूळचा ड्रमवाला जोडी स्टीफन्स, अन् उरलेल्या दोन जागांवर द पोझीज या बँडचे दोघे, जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलो. हे दोघे बिग स्टार ऐकत वाढलेले. म्हणजे प्रेक्षकातून उठून स्टेजवर. त्यांनी गाणं नीट घेतलं. मग २००५ मध्ये नवा अल्बमही आला. तो मात्र मी दोनदाच ऐकला, खोटं कशाला बोलू. चिल्टन मार्च २०१० मध्ये गेला.

तर नट बदलला तरी चालतं, सूर पाहिजे.


नागपुरी_संत्रं · ११ जानेवारी, दुपारी ३.१५

अर्ध्या बदललेल्या बँडला जुन्या नावानं विकणं म्हणजे सावजीच्या पाटीखाली पनीर बटर मसाला देणं.


झाडीचा_पाहुणा · ११ जानेवारी, दुपारी ३.३०

सावजीवाल्याचा मुलगा बनवत असेल तर?


नागपुरी_संत्रं · ११ जानेवारी, दुपारी ३.३२

तरी पनीर तो पनीरच.


चार_ट्रॅक (वर्धा) · ११ जानेवारी, रात्री ८.५०

माझं नाव वाचून लक्षात आलंच असेल, या धाग्यावर मला यावंच लागणार होतं.

१९८८ ते ९७ मी भजनी मंडळांच्या अन् वऱ्हाडी गाण्यांच्या कॅसेट रेकॉर्ड करायचो. माझ्याकडे चार ट्रॅकचं कॅसेट मशीन होतं, मुंबईहून जुनं आणलेलं. ओलीतवाल्यानं 'बैठकीत रेकॉर्ड केला' एवढं लिहून सोडून दिलं. त्यात काय मेहनत आहे ते सांगतो.

चार ट्रॅक म्हणजे चार वाटा. एकीवर ड्रम, दुसरीवर बास, तिसरीवर गिटार. झाल्या तीन भरून. आता गळे तीन, अजून एक गिटार, टाळ्या, खंजिरी, सगळं कुठे घालणार? तर त्या तीन वाटा वाजवत वाजवत चौथीवर एकत्र उतरवायच्या. मग पहिल्या तीन पुसून मोकळ्या. पण एकदा उतरवलं की ते दूध-पाणी एक झालं. ड्रम मागाहून कमी करता येत नाही, बास वाढवता येत नाही. अन् प्रत्येक उतरवणीला टेपची सळसळ वाढते, वरचा सूर थोडा मरतो. म्हणून पहिल्याच वेळी तुम्हाला शेवटचं गाणं कानात ऐकू यायला लागतं. 'ब्लॅक व्हायनल शूज'मध्ये गळे जे धुक्यातून आल्यासारखे वाटतात, त्यात ही सळसळ आहे, अन् एकच ओळ त्याच माणसानं दोनदा गाऊन एकावर एक ठेवणंही आहे. दोन्ही वेळा तंतोतंत सारखं येत नाही. जो केसभर फरक राहतो त्यानेच आवाज फुलतो.

आता झायनबद्दल. हे गाव १९०१ मध्ये डाउई नावाच्या एका धर्मोपदेशकानं वसवलं. दारू बंद, तंबाखू बंद, डुकराचं मांस बंद, नाटकगृह बंद, डॉक्टरसुद्धा बंद, प्रार्थनेनं बरं व्हायचं. दारूबंदी तर पुढे कित्येक दशकं चालली. आम्ही वर्धेकर हे वाचून गालात हसतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे कशी आहे ते पाहुण्यांना विचारा. सांगायचं एवढंच की जिथे बार नाही तिथे बारमध्ये वाजवणारा बँड कसा तयार होणार? ही पोरं लोकांसमोर वाजवत वाढलीच नाहीत. आधी ठरवलं बँड काढायचा, मग वाद्यं शिकले, अन् सुरुवातच घरी टेपवर. स्टेजवाला बँड थांबला की प्रेक्षक दुसरीकडे जातो. घरात वाजवणाऱ्याला कोण सोडून जाणार? 'इग्निशन'सुद्धा गॅरी क्लेबच्या घरच्या स्टुडिओतच झाला. १८ वर्षांनी परत आले असं आपण म्हणतो. मला तर ते बैठकीतून उठून पाणी पिऊन आल्यासारखे वाटतात.


पानमळा (अंजनगाव सुर्जी) · १२ जानेवारी, सकाळी ११.१०

काल दिवसभर वाचत होते. सहा बँड झाले, पंधरा-वीस पुरुष झाले, एका बाईचं नाव नाही. वा राजेहो.

बँगल्स. १९८१ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू, १९८९ ला मोडला, १९९८ ला पुन्हा एकत्र, २००३ ला नवा अल्बम 'डॉल रेव्होल्यूशन'. अन् झाडीच्या पाहुण्या, तुमच्या त्या दुकानात न पोचलेल्या बिग स्टारचं एक गाणं १९८६ मध्ये लाखो घरांत पोचवलं ते या बायांनी, आपल्या अल्बमवर घेऊन. गो-गोज पण आहेत. १९८५ ला मोडलं, २००१ ला नवा अल्बम.

दुसरं. तुम्ही सगळे मशीन अन् कोण मेलं कोण राहिलं यावर बोलून राहिले. गाण्यात म्हणतात काय? पॉवर पॉप म्हणजे ऐंशी टक्के 'ती मले सोडून गेली' अन् वीस टक्के 'ती पाह्यतच नाही'. वीस वर्षांच्या पोट्ट्याच्या तोंडी ते शोभते. साठीला आलेल्या माणसानं तेच गायलं तर? मी 'इग्निशन' काल दोनदा ऐकला, केळीचे घड मोजता मोजता. विषय अजूनही सोडून जाण्याचाच आहे. पण आधी ऐकताना वाटायचं हा पोरगा दारात उभा राहून रडतो आहे. आता वाटतं आतून दार लावून, दिवा मालवून बोलतो आहे. चाल तीच, अन् दुःखाला वय आलं. हे मला आवडलं.

माझ्या माहेरी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अन् खंजिरी भजन असायचं. बाबा मुख्य, काका झीलकरी. दोघांचा आवाज एकाच विहिरीचा. काका गेल्यावर बाबांनी वर्षभर खंजिरीला हात लावला नाही. मग लावला. पण ज्या ओळीला काका उचलून धरायचे तिथे बाबा थांबायचे, एक मात्रा रिकामी सोडायचे, मग पुढे. मंडळातल्या कोणी ती भरली नाही. संत्र्यानं बासवाल्याचं लिहिलं तेव्हा हेच आठवलं.


नागपुरी_संत्रं · १२ जानेवारी, सकाळी ११.४०

ताई, बँगल्स विसरलो ही माझी चूक. पहिल्या रांगेत उभा करून उठाबशा काढायला लावा.


ओलीतवाला · १४ जानेवारी, रात्री ११.५५

संक्रांतीचा तिळगूळ घ्या सगळे. पानमळा ताई, तुमची ती रिकामी मात्रा दोन दिवस डोक्यातून गेली नाही.

चार_ट्रॅक काका, एक विचारायचं होतं. मोबाइलवर दोन-तीन ट्रॅकचं रेकॉर्डिंग करायचं असेल अन् खोलीत आवाज घुमू नये असं वाटत असेल तर काय करावं? सहज विचारतो.


चार_ट्रॅक · १५ जानेवारी, सकाळी ७.३०

सहज कोणी विचारत नाही. खरं सांग.


ओलीतवाला · १५ जानेवारी, रात्री १०.४५

बरं.

मी, माझा मोठा भाऊ अन् आमचा एक दोस्त, असे तिघं. २००४ ते २००९ आम्ही गणपतीत, शारदेत, लग्नाच्या हळदीला वाजवायचो. दोन गिटार अन् एक ढोलकी. गाणे सिनेमाचेच, पण सात-आठ आमचे स्वतःचे होते. वऱ्हाडीत. मग दोस्त पुण्याला कंपनीत गेला, भावाचं लग्न झालं, एका साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली त्यात माझी गिटार विकली. भांडण नाही, काही नाही. नुसतं बंद पडलं.

दिवाळीला दोस्त परत आला. कायमचा, कंपनी बंद झाली. एक दिवस ओसरीत बसलो अन् भाऊ जुनी चाल गुणगुणला. झालं.

तर आता रेकॉर्ड करतो आहोत. जागा सांगितली तर हसाल. कापसाची खोली. या साली भाव पाहून विकला नाही, घरात भरून ठेवला. पाठीमागच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी, मधात तिघं बसतील एवढी जागा. आत गेलं अन् बोललं की आवाज तोंडातून निघून तिथंच पडते. टाळी वाजवली तर आपलीच टाळी आपल्याला परकी वाटते. मागं-पुढं काही येतच नाही.


चार_ट्रॅक · १६ जानेवारी, सकाळी ६.५०

अरे गड्या! शहरात लोक भिंतीला फोम अन् लोकरीच्या पाट्या लावायला हजारो रुपये घालतात, तू सरकीसकट घालून बसला आहेस. माझा स्टुडिओ म्हणजे जुन्या सतरंज्या अन् अंड्यांचे ट्रे. ट्रेनं काही होत नाही, हे दहा वर्षांनी कळलं.

आता ऐक. कापूस वरचे सूर खातो, खालचे तितके खात नाही. म्हणून ढोलकीचा धुम्म जास्त येईल, तिचं तोंड गंजीकडे कर. मोबाइल हातात धरू नको, स्टुलावर दुपट्याची घडी करून त्यावर ठेव. गिटारची वायर अन् मोटरच्या स्टार्टरची वायर एकाच भिंतीवर असेल तर पन्नास सायकलची घूं येणार, थ्रीफेज चालू असताना गिटार घेऊ नको. आधी गळा नको, आधी ठेका. अन् आत बिडी नाही. कोणाच्याही बापाची नाही.


झाडीचा_पाहुणा · १६ जानेवारी, सकाळी ९.२०

अन् खाज? घरात ठेवलेल्या कापसानं अंग खाजवतं असं ऐकून आहे, आमच्याकडे धान, आम्हाला अनुभव नाही.


ओलीतवाला · १६ जानेवारी, रात्री ११.१०

खाज विचारू नका. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात भाऊ खाजवतो ते स्पष्ट ऐकू येते, खर्र खर्र. दोस्त म्हणते राहू दे, ठेक्यात आहे.

पण काका, घूंचं तुम्ही सांगितलं तेच होतं. थ्रीफेज आता दिवसाची झाली, म्हणून रात्री करतो. उलटं झालं सगळं, आधी रात्री ओलीत अन् ऐकणं, आता दिवसा ओलीत अन् रात्री वाजवणं. झोप कोणत्याच फिडरवर नाही.


पानमळा · १७ जानेवारी, सकाळी १०.००

जुनेच सात-आठ गाणे करून राहिले की नवीन?


ओलीतवाला · १७ जानेवारी, रात्री ९.३०

जुने तीन. ताई, तुम्ही वयाचं लिहिलं त्यानं गोची केली. एक गाणं होतं, बसस्टँडवर ती एसटीत बसून निघून जाते ते. काल भाऊ गायला बसला अन् मधातच थांबला. म्हणे आता मी त्या पोरीच्या बापाच्या वयाचा झालो, मले तिकिटाचे पैसे दिसून राहिले. मग शब्द बदलले. आता त्यात बापच निरोप द्यायला आला आहे, पोरगी शिकायला चालली. चालीला बोट लावलं नाही.

नवीन दोन होत आहेत. एकाचा फक्त मुखडा आहे.


नागपुरी_संत्रं · १७ जानेवारी, रात्री ९.५०

हप्ते फेडायला येतात हे मी लिहिलं होतं ते तुमच्यापुरतं मागे घेतो. तुमच्याकडून कोणी एक रुपया देणार नाही, एवढं खरं.


ओलीतवाला · २६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

बरेच दिवस आलो नाही. हरभरा सोंगून झाला.

व्यापारी परवा येतो म्हणाला होता, कालच आला. सकाळी सातला गाडी दारात, चार माणसं, काटा ओसरीत मांडला. भावाचं म्हणणं भाव याच्या वर जात नाही, दे. दिला. मी म्हटलं दुपारपर्यंत थांबा, पाचवं गाणं राहिलं आहे, फक्त गळे घ्यायचे आहेत. व्यापारी माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी कापसात पाणी मारलं. शेवटी म्हणाला, समोरून भरतो, मागची गंजी शेवटी काढतो.

तर समोर माणसं बोऱ्यात कापूस दाबून राहिले, एक जण आत उभा राहून पायानं तुडवते, काट्यावरचा आकडे ओरडते, अन् मागं आम्ही तिघं उरलेल्या गंजीला पाठ लावून. तीनदा घेतलं. दर वेळी खोली मोठी होत गेली. पहिल्या वेळचा आवाज कोरडा, दुसऱ्यात थोडी हवा, तिसऱ्यात भाऊ वरच्या पट्टीत गेला अन् भिंतीवरून आवाज परत आला. आम्ही तिघंही दचकलो. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

चार_ट्रॅक काका, तिसरं ठेवलं. शेवटाला "एकोणचाळीस, सहाशे" असं काट्यावाल्याचं ऐकू येते. पुसू का?


चार_ट्रॅक · २७ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

हात लावू नको. फाइल पाठव.